रात्रीचे दोन पेग आणि झाडपाल्याची औषधं: किती तासांचं अंतर ठेवावं?

पिंपळपार
वडील ६३ वर्षांचे, मधुमेह आहे. सकाळी ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन चालू. आठवड्यातून चार रात्री नऊच्या सुमारास साठचे दोन पेग व्हिस्की, सोबत खारे शेंगदाणे. त्या दिवशी जेवण बहुतेक टळतं.

आता यात ऐकीव औषधांची भर पडली आहे. सकाळी अनशापोटी गुळवेलीचा काढा आणि ३० मिली कारलं-जांभूळ रस. दोन्ही वेळेला २० मिली द्राक्षासव. झोपताना अश्वगंधा अर्काच्या ३०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या. म्हणतात, "झाडपाल्याचं आहे, बाधत नाही. हवं तर दारू आणि गोळीत दोन तासांचं अंतर ठेवतो." अंतराने खरंच भागतं का? आणि यातलं आधी काय थांबवायला सांगू?

खलबत्ता
अंतराने काही बाबतीत भागतं, काही बाबतीत अजिबात नाही. त्यामुळे कोणतं औषध कशात मोडतं ते आधी बघा.

पहिला प्रकार गुंगीचा. अश्वगंधा, तगर, जटामांसी, ब्राह्मी यांनी कमीजास्त सुस्ती येते, दारूनेही येते, दोन्हींची बेरीज होते. इथे तासांना अर्थ आहे, पण दोन तास कुठल्याही हिशेबात बसत नाहीत. १२० मिली व्हिस्की, ४२.८ टक्के, म्हणजे साधारण ४० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. यकृत तासाला ७ ते ८ ग्रॅम जाळतं. नऊला सुरू केलेली दारू उतरायला पहाटेचे दोन-तीन वाजतात. अकराची गोळी भर दारूतच पोटात जाते आणि मध्यरात्री लघवीला उठताना तोल जातो. साठीनंतर मांडीचं हाड मोडतं ते बहुतेक अशाच पडण्याने.

याच प्रकारातली जास्त धोक्याची वनस्पती म्हणजे सर्पगंधा. झोपेच्या आणि बीपीच्या कितीतरी मिश्र गोळ्यांत ती असते. तिने रक्तदाब खरोखर उतरतो, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये ते दाखवून दिलं आणि मग जगभर तिचा वापर वाढला. दारूनेही रक्तवाहिन्या सैल पडतात. दोन्ही एकत्र झाल्यावर माणूस खुर्चीतून उठला की डोळ्यांपुढे अंधारी. बीपीची ॲलोपॅथीची गोळी चालू असेल तर तिसरी भर. बाटलीमागचं घटकांचं बारीक अक्षर वाचा, नाव पुढच्या बाजूला लिहिलेलं नसतं.

दुसरा प्रकार यकृताचा. त्यात आठवड्यांचा हिशेब असतो, रात्रीच्या अंतराचा काडीचा उपयोग नाही. त्यावर कोणी यकृतवाल्याने लिहावं.

द्राक्षासवाबद्दल: आसव-अरिष्टात धायटीच्या फुलांच्या मदतीने गूळ-साखर आंबते आणि अल्कोहोल तयार होतं. लेबलावर 'स्वयंजनित अल्कोहोल १२ टक्क्यांपेक्षा जास्त नाही' अशा अर्थाची ओळ असते. १० टक्के धरलं तर दिवसाच्या ४० मिलीत सव्वातीन ग्रॅम, म्हणजे तीसच्या पेगचा एक तृतीयांश. तुमच्या वडिलांच्या ४० ग्रॅमपुढे ही चिल्लर. मात्र दारू सोडण्यासाठी डायसल्फिरम चालू असलेल्या माणसाला हीच चिल्लर पुरते. पाच ते पंधरा मिनिटांत चेहरा लालबुंद, डोकं ठणकतं, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी कोसळतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवडे हा धोका राहतो.

जाता जाता: 'न सांगता दारू सोडवा' अशा जाहिरातीतली पूड कोणी आमटीत कालवत असेल तर ती निव्वळ जडीबुटी आहे असं गृहीत धरू नका. त्यात डायसल्फिरम असलं आणि हृदयविकार असलेल्या माणसाने वर पेग घेतला, तर जिवावर बेतू शकतं.

वैद्य_वाडा
आसव म्हणजे दारू नव्हे, एवढं नोंदवून ठेवतो. मात्रा १५ ते ३० मिली, समभाग पाण्यातून, जेवणानंतर. जेवण टाळून, व्हिस्कीच्या मागून घेतलेलं द्राक्षासव हे औषध उरतच नाही. शिवाय त्यात द्राक्षं आणि गूळ असतो. मधुमेह्याला दोन्ही वेळेला आसव कोणी सांगितलं, हे विचाराच.

गुळवेल काय, अश्वगंधा काय, प्रकृती आणि व्याधी पाहून, ठरावीक काळापुरतं द्यायचं औषध आहे. 'कायमचं चालू' हा प्रकार ग्रंथातला नाही, व्हॉट्सॲपवरचा आहे. आणि पूर्वी मूळ दुधात शिजवून चूर्ण देत. आजची गोळी म्हणजे आटवलेला अर्क. दोन्हींचं मिलिग्रॅम एका मापाने मोजू नये.

पित्ताशय
वैद्यांच्या शेवटच्या मुद्द्याशी सहमत. यकृताला इजा झाल्याच्या नोंदी पाहिल्या तर स्वयंपाकघरातली वस्तू क्वचितच दोषी असते, अर्क आणि कॅप्सूल जास्त. फोडणीतली हळद वेगळी आणि शोषण वाढावं म्हणून मिऱ्याचा अर्क घातलेली कुर्क्युमिनची कॅप्सूल वेगळी. ग्रीन टीचा कप वेगळा, वजन घटवायची ग्रीन टी अर्काची गोळी वेगळी. दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी (ग्रीन टीतला मुख्य घटक) पोटात गेलं की रक्तातली यकृताची एन्झाइम वाढू लागल्याचं दिसलं आहे. (वजनाच्या गोळ्यांतला 'गार्सिनिया' हा मलबारी चिंचेचा. आपलं आमसूल त्याच घराण्यातलं, पण झाड वेगळं. सोलकढी निर्धास्त प्या.)

गुळवेल: सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईत सहा रुग्णांत गुळवेलीनंतर यकृताला सूज आल्याची नोंद प्रसिद्ध झाली, पुढे देशातल्या १३ केंद्रांतून ४३ रुग्णांची. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, दुसऱ्या जातीची वेल वापरली गेली असेल असंही म्हटलं. वाद बाजूला ठेवला तरी नमुना लक्षात ठेवण्याजोगा आहे: ही सूज बऱ्याच जणांत स्वयंप्रतिकार प्रकारची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्याची होती. थायरॉइडचा किंवा तसा दुसरा आजार असेल तर गुळवेल नकोच.

अश्वगंधा: कावीळ दिसते ती सुरुवात केल्यापासून २ ते १२ आठवड्यांत, सोबत अंगभर खाज. बहुतेक जण बंद केल्यावर एक ते चार महिन्यांत बरे होतात. पण यकृत आधीच खराब असेल तर हीच इजा झेपत नाही, मृत्यूही नोंदले आहेत. आणि खरी मेख इथेच आहे. आठवड्यातून चार रात्री ४० ग्रॅम पिणाऱ्या, त्यातही मधुमेही माणसाचं यकृत चरबीने भरलेलं असण्याची शक्यता मोठी, आणि त्याला स्वतःला ते माहीत नसतं. कोडावरच्या बावचीचंही असंच.

तपासण्या: बिलिरुबिन, एसजीओटी, एसजीपीटी, अल्कलाइन फॉस्फेटेज, जीजीटी, अल्ब्युमिन, प्लेटलेट, पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) आणि पोटाची सोनोग्राफी. आकडे वाचताना: नुसत्या दारूने सुजलेल्या यकृतात एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त असतं, पण सहसा ३००-४०० च्या वर जात नाही. एसजीपीटी हजाराच्या घरात गेलं तर ते दारूवर ढकलून मोकळं होऊ नये; औषध, वनस्पती किंवा विषाणू शोधायचा. आपल्याकडे हिपॅटायटिस ए आणि ई ची आयजीएम तपासणी केल्याशिवाय काढ्यालाही दोष देऊ नये.

लघवी कोऱ्या चहासारखी, डोळे पिवळे, शौच पांढुरकं: त्याच दिवशी सगळं बंद आणि डॉक्टर. कावीळ असून माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा आयएनआर १.५ च्या वर गेला तर थेट यकृताचा विभाग असलेलं मोठं रुग्णालय. कावीळ उतरवणारा आणखी एक रस पाजण्यात चार दिवस घालवू नका.

'पितो, पण सोबत भुईआवळा आणि कुटकी घेतो' हा हिशेब कुठल्याच वहीत जमा होत नाही.

पिंपळपार
खूप आभार. लगेच एक विचारतो. मागच्या महिन्यात दोनदा पहाटे चारला ते घामाने भिजलेले, बोलणं अडखळत. आईला वाटलं दारू चढली आहे, पांघरूण घालून झोपू दिलं. याचा काही संबंध?

शर्करावलंबी
हा साखर उतरण्याचाच प्रकार धरून चाला. तुमच्या पूर्ण यादीत आज रात्री धोका कशाचा असेल तर याचा, यकृताचं नंतर.

कारण असं: ग्लिमेपिराइड सकाळी घेतलं तरी जवळपास दिवसभर, रात्रीपर्यंत, इन्सुलिन सोडायला लावतं. जेवण नसताना रक्तातली साखर टिकवायचं काम यकृताचं. त्याच्याजवळचा साठा संपत आला की ते नवी साखर बनवतं, आणि नेमकं हेच काम अल्कोहोल अडवतं. शेंगदाण्यात पिष्ट नावाला. म्हणून नऊची दारू तीन-चार वाजता गाठते. कारलं-जांभळाचा रस याला थोडा हातभार लावतो. तो एकटा एवढा पाडणार नाही, पण गोळी, दारू आणि टळलेलं जेवण या तिघांच्या जोडीला नको. गुडमार आणि मेथीच्या कॅप्सूललाही हेच लागू.

घाम, थरथर, जीभ जड, चिडचिड ही लक्षणं दारूसारखीच दिसतात, त्यामुळे वासावर जाऊ नका. बोट टोचून ग्लुकोमीटर लावा. ७० च्या खाली आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, तरी कमी असेल तर पुन्हा तेवढीच. वर गेली की भाकरी, पोळी किंवा बिस्किटं द्या, कारण अल्कोहोल अजून आहे, साखर पुन्हा उतरते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतू नका. कुशीवर वळवा आणि १०८.

पिणारच असतील तर आधी पोटभर जेवण, झोपण्यापूर्वी मोजणी, १०० च्या खाली असेल तर काहीतरी खाऊनच झोपणं. ग्लिमेपिराइड बदलता येईल का, हे या आठवड्यातच डॉक्टरांना विचारा. स्वतःहून बंद करू नका.

शिमगा_स्पेशल
विषय निघालाच आहे तर: भांगेवर बिअर?

खलबत्ता
नको. खाल्लेली भांग चढायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात, दोन ते चार तासांनी ती कळसाला जाते. पाऊण तासात काही वाटलं नाही म्हणून लोक दुसरा पेला आणि वर स्ट्राँग बिअर घेतात. ८ टक्क्यांची ६५० मिलीची बाटली म्हणजे एकटीच ४१ ग्रॅम. मग सगळं एकदम येतं: नाडी धावते, गरगरतं, भीती बसते, आणि पाठीवर झोपलेल्याची उलटी श्वासनलिकेत जाते. लिंबू, लोणचं, ताक यांनी काही उतरत नाही. कुशीवर झोपवा, शेजारी कोणी तरी जागं राहा. तोंड कोरडं, बाहुल्या मोठ्या, कातडी गरम आणि सुकी, हवेत काहीतरी वेचल्यासारखे हात, असं दिसलं तर भांगेत धोतऱ्याचं बी आहे असं समजून रुग्णालय गाठा.

पिंपळपार, तुमच्यासाठी क्रम: अश्वगंधा, रस आणि आसव आजपासून बंद, काढाही रक्ताचे रिपोर्ट येईपर्यंत बंद. एक सावधगिरी: रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एका दिवसात तोडली तर हात थरथरणं, भास, झटके येऊ शकतात, वडील खरंच चारच रात्री घेतात ना, याची खात्री आईकडून करा. डॉक्टरकडे जाताना सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्या, लेबल फाडू नका. बॅच नंबर लागतो. दुष्परिणाम कळवायचा असेल तर औषध सुरक्षेचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४.