‘युअर लाय इन एप्रिल’: रडू आलं ते सुरांमुळं की आजारामुळं?

मध्यमा_अडकलेला (धागा काढणारा)

शेवट फोडून लिहिलंय. बघायची राहिली असेल तर इथूनच मागं फिरा.

पुतणी नववीत आहे. तिनं महिनाभर पिच्छा पुरवला म्हणून ‘युअर लाय इन एप्रिल’ ही जपानी ॲनिमेशन मालिका तिच्यासोबत बसून बघितली. २२ भाग, चार रात्री. नाओशी अराकावा यांच्या मांगावरून, म्हणजे जपानी चित्रकथेवरून, ए-वन पिक्चर्सनं केलेली, तिकडं ऑक्टोबर २०१४ ते मार्च २०१५ मध्ये दाखवली गेली. म्हणजे तशी जुनीच, जुळे सोलापुरात आमच्या घरी आत्ता पोचली.

गोष्ट अशी. कोसेई हा चौदा वर्षांचा पियानोवाला. लहानपणी स्पर्धांवर स्पर्धा मारायचा, लोक त्याला ‘माणसातला मेट्रोनोम’, म्हणजे ठोक्याबरहुकूम लय देणारं यंत्र म्हणायचे. आजारी आईनं मारून मुटकून घडवलेला. आई गेली, आणि स्टेजवर वाजवता वाजवता त्याला स्वतःच्या पियानोचा सूरच ऐकू येईना. कान शाबूत, दुनियेचं सगळं ऐकू येतं, फक्त आपलं वाजवणं नाही. दोन वर्षं पियानो बंद. मग काओरी नावाची व्हायोलिनवाली येते आणि त्याला साथीला ओढते. तीही आजारी असते, शेवटी जाते. नावातलं खोटं म्हणजे ‘मला तुझा मित्र वातारी आवडतो’ हे. खरा जीव कोसेईवर होता, ते तिच्या मागं राहिलेल्या पत्रातून कळतं.

माझं म्हणणं एवढंच की तेराव्या भागापर्यंत ही मालिका संगीताची आहे, पुढं ती दवाखान्याची होते.

ऐकू न येण्याचा प्रसंग बघा. स्वर पाण्यात बुडाल्यासारखे विरतात आणि उरते फक्त पट्ट्यांची टकटक. हे ज्यानं कुणी लिहिलं त्यानं स्टेज बघितलंय. तबल्याच्या मध्यमाच्या परीक्षेत त्रितालातला कायदा, म्हणजे ठरलेल्या बोलांची रचना, वाजवताना मला माझ्या नखांचा आवाज ऐकू आला होता, बायाँ, म्हणजे डाव्या हाताचा डग्गा, गड्ड्याच्या जत्रेत हरवलेल्या पोरासारखा कुठं गेला ते कळलंच नाही. तेराव्या भागात काओरी येत नाही आणि हा एकटा क्राइस्लरचं ‘लीबेसलाइड’ वाजवतो, राखमानिनोवनं पियानोसाठी मांडलेलं. आई त्याला झोपवताना हेच वाजवायची. तिथं मी रडलो. लाजायचं काय त्यात.

पण त्यानंतर? गच्ची, बर्फ, व्हीलचेअर, औषधांचा ढीग. आजाराचं नावसुद्धा सांगत नाहीत, कारण नाव सांगितलं की आजाराला आजारासारखं वागावं लागतं. आणि सगळ्यात खटकलं ते हे: काओरीनं व्हायोलिन हातात घेतलं तेच मुळी पाच वर्षांची असताना कोसेईचा पियानो ऐकून, पुढं कधीतरी त्याच्यासोबत वाजवता यावं म्हणून. म्हणजे पोरीचं व्हायोलिनही त्याच्यासाठी, खोटंही त्याच्यासाठी, मरणही त्यानं शेवटी वाजवलेल्या शोपाँच्या बॅलाडसाठी. तिचं स्वतःचं असं काय?

पुतणी दोन दिवस बोलत नाहीय. तिच्या बाजूनं कुणी असेल तर बोला.

कडकभाकरी_२१

काय बोललालाव काका! मी पुतणीच्या बाजूनं.

तुम्ही पत्र नीट ऐकलंच नाही. त्यात ती काय म्हणते? आयुष्य थोडं उरलंय कळल्यावर मी भीत होते ते कॉन्टॅक्ट लेन्स घातले, वजनाच्या धास्तीनं कधी खाल्ला नव्हता तो अख्खा केक खाल्ला, आणि ऐटीत हुकूम सोडणारं स्वरलेखनही माझ्या मनासारखं वाजवलं. आता परत दुसरा भाग लावा. बीथोव्हेनचं क्रॉयत्सर सोनाटा ती स्पर्धेत वाजवते, कागदावरची लय, जोर, सगळं धाब्यावर बसवून. परीक्षकांची तोंडं कडू, लोक मात्र उभे. तेव्हा आपल्याला वाटतं पोरगी अवखळ आहे. २० भागांनी कळतं की तिला वेळच नव्हता. तिचा आजार आणि तिचं वाजवणं ही एकच गोष्ट आहे. तुम्ही मधून कात्री चालवताय.

आणि कुणासाठी तरी वाजवलं तर ते आपलं राहत नाही हे कुठलं गणित? इथं देवासाठी गाणारे झालेच की. त्यांना विचारता का, ‘तुझं स्वतःचं काय’ म्हणून?

पेटीवाले_काका

तुमच्या भांडणात मी पडत नाही. मी तीसेक वर्षं साथ करतोय, त्यामुळं माझ्या घशात चौथा भाग अडकला.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी: काओरी व्हायोलिनवर सँ-साँसचं ‘रोंदो काप्रिचिओसो’ वाजवते, कोसेई साथीला. मध्येच त्याला ऐकू येणं बंद होतं आणि तो हात काढतो. साथ बंद. मग तीही थांबते, ‘पुन्हा’ म्हणते आणि दोघं नव्यानं उचलतात. सभागृह भारावतं.

आमच्याकडं असं केलं तर कलाकार परत बोलावणार नाही. तबल्याच्या सोलोला मी लेहरा धरतो. सोळा मात्रांची तीच ओळ, कधी कधी तासभर. तबलजी कुठंही जाऊ दे, भरकटू दे, त्याला परत यायला घर लागतं आणि ते घर म्हणजे मी. हुतात्मा स्मृती मंदिरात एकदा भात्याची पट्टी निसटली. गुडघ्यानं भाता दाबून धरला, उरलेली वीसेक मिनिटं तशीच काढली, पण ओळ सुटू दिली नाही. तबलजीला शेवटपर्यंत पत्ता नाही. साथ म्हणजे हे. आणि इथं मुख्य कलाकार स्वतःचा कार्यक्रम मोडून साथीदारासाठी थांबते, आणि ते महान!

पण बायको बाजूला बसली होती, ती म्हणाली, तुमच्यासाठी कुणी कधी थांबलं नाही म्हणून तुमचा जळफळाट होतोय. असेलही.

अजून एक. आपल्याकडं चुकलेला माणूस मुखडा पकडतो, समेवर येतो आणि जोरात मान हलवतो. निम्म्या लोकांना वाटतं मुद्दामच केलं. त्यांचं तसं नाही. एकेक सूर कागदावर छापलेला, तो चुकला की चुकला, समोरचे परीक्षक तोच कागद पाठ करून बसलेले. त्यामुळं पोराची भीती आपल्याला वरवर कळते, तिचा पीळ कळत नाही.

मध्यमा_अडकलेला

काका, भात्याची गोष्ट ऐकून मन भरलं. पण ‘मनासारखं वाजवणं म्हणजे बंड’ हेच मला फार मोठं वाटत नाही. आपल्याकडं बंदिश तीच, पण रोज वेगळी गायची हाच तर नियम.

पेटीवाले_काका

नियम मोठ्यांचा हो. परीक्षेला बसलेल्या पोराला विचारा. वहीतल्या ताना, वहीतल्या क्रमानं, आणि खाली मात्रांचे आकडे. आमच्यातही मेट्रोनोम तयार होतातच, फक्त त्याला आपण ‘तयारी’ म्हणतो.

नवीपेठ_कन्या

सगळे काओरीवर बोलताय. आईबद्दल कुणी बोलणार आहे का?

माझ्या पहिल्या क्लासमध्ये लाकडी पट्टी होती. पेटीवर बोट चुकलं की पेरावर बसायची. क्लासचं नाव घेत नाही, तो आता नाहीही. चाळिशी आली, पण यमन धरला की तीव्र मध्यमाला उजवा हात अजूनही क्षणभर आखडतो. म्हणून साकी, म्हणजे कोसेईची आई, पोराला काठीनं मारते तो भाग मी दोनदा थांबवून बघितला. स्पर्धेत तो आईला आनंद व्हावा म्हणून जीव ओतून वाजवतो आणि ती सगळ्यांदेखत त्याला रक्त येईस्तो मारते. तो म्हणतो, तू मेलीस तर बरं. आणि ती जाते.

पुढं मालिका सांगते की आपण गेल्यावर त्याला पोटापाण्याचं साधन असावं म्हणून ती कठोर झाली. खरंही असेल. मला आईचा राग नाही, मालिकेच्या घाईचा आहे. क्राइस्लरचा एक तुकडा वाजला, आईचा भयानक चेहरा निवळला, संपलं? इतक्या लवकर माफी होत नसते. मला अजून जमलेली नाही.

आणि गंमत बघा. आईनं मारलं की काळोख, रडका पियानो. पण काओरी पहिल्याच भेटीत त्याच्या डोक्यात वस्तू फेकून मारते, त्याची मैत्रीण त्सुबाकी हिच्या चेंडूनं त्याचं डोकं फुटतं, तिथं मागं विनोदी संगीत! एकाच पोराच्या अंगावरचे वळ, एके ठिकाणी शोकांतिका आणि दुसरीकडं टाळ्या. लिहिणाऱ्याला हे दिसलं नाही का?

कडकभाकरी_२१

ताई, मारण्याच्या विनोदाबद्दल मान्य, तो त्या प्रकारच्या मालिकांचा जुना रोग आहे. पण माफीचं नाही पटलं. तो आईला माफ करत नाही, तिचा निरोप घेतो. वाजवताना त्याला कळतं की आपल्याला छळणारं भूत आई नव्हती, आपलीच भीती होती, पळायला कारण हवं होतं म्हणून तिचा चेहरा दिला होता.

नवीपेठ_कन्या

वळ खरे होते ना पण? ते त्याच्या कल्पनेतले नव्हते.

पार्क_चौक_४

मी पहिल्या भागानंतर झोपलो. दुसऱ्या भागात पण फुलं उडतात का बे?

कीबोर्ड_गुरुवार

फुलं शेवटपर्यंत उडतात, झोपा.

मी हौशी आहे, यूट्यूबवर शिकलेला, तरी एक सांगतो. मालिकेनं निवडलेल्या रचनांकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. परत स्पर्धेत उतरताना कोसेई शोपाँचा एत्यूद, म्हणजे सरावासाठीची रचना, वाजवतो, ओपस २५ क्रमांक ५. याचं टोपणनावच ‘चुकीचा सूर’ आहे. मुख्य सुराला चिकटून शेजारचा अर्ध्या सुराचा खटका येत राहतो, त्यामुळं ऐकणाऱ्याला वाटतं बोट घसरलं. बरोबर वाजवलं तरच चुकल्यासारखं वाटतं! ज्या पोराला चुकण्याचीच दहशत बसलीय त्याच्या हातात हे दिलं. तो मध्ये थांबतो, परत सुरू करतो, बाद होतो. त्याच स्पर्धेत त्याची प्रतिस्पर्धी एमी शोपाँचाच ‘हिवाळी वारा’ वाजवते, ओपस २५ क्रमांक ११, आणि तिच्या रागाला तो तुफानी उजवा हातच शोभतो. आजाराच्या रडारडीत हे वाहून जातं हे खरं, पण ते तिथं आहे. धागाकर्त्यानं शेवटच्या बॅलाडला ‘मरणासाठीचा शोपाँ’ म्हणून उडवून लावलं, ते चूक. ती रचना काओरी नसती तरी कोसेईलाच शोभली असती.

मध्यमा_अडकलेला

‘चुकीचा सूर’ माहीत नव्हतं. तो भाग परत बघतो. बॅलाडबद्दल मात्र हटणार नाही, तिथं ती भूत होऊन व्हायोलिन घेऊन शेजारी उभी केलीय. त्याला एकट्याला वाजवू द्यायचं होतं की.

पेटीवाले_काका

आजारी कलाकाराचा विषय निघालाच आहे तर. कुमार गंधर्व, जन्म १९२४, बेळगावजवळचं सुळेभावी. लहानपणी मोठमोठ्यांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब गायचे, लोक तोंडात बोट घालायचे. तोही एका अर्थानं मेट्रोनोमच. मग क्षय झाला, देवासला जाऊन राहिले, पाच-सहा वर्षं गाणं बंद. अंथरुणावर पडून माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकत राहिले. उठले तेव्हा अर्ध्या श्वासाचं, छोट्या छोट्या तुकड्यांचं गाणं घेऊन उठले, आणि ते कुणाचीच नक्कल नव्हतं. आजारानं गाणं बदलायचं तर ते असं बदलतं. श्वास कमी पडतो म्हणून तान तुटते. काओरीचा हात निकामी होत जातो, तर तिचं व्हायोलिन कसं बदलतं ते ऐकवा की! ते ऐकवलंच नाही, नुसता हात थरथरताना दाखवला. धागाकर्त्याशी माझं जमतं ते एवढ्या मुद्द्यावर.

कडकभाकरी_२१

कुमारजी वाचले, काका. ती वाचली नाही. मरणाऱ्या चौदा वर्षांच्या पोरीकडून तुम्ही नवी गायकी मागताय.

पेटीवाले_काका

हं. ह्याला माझ्याकडं लगेच उत्तर नाही. रियाझाला बसतो.

मध्यमा_अडकलेला

पुतणीला हा अख्खा धागा वाचून दाखवला. कडकभाकरीची दोन्ही उत्तरं तिनं वहीत उतरवून घेतली. पेटीवाल्या काकांचं वाचून म्हणाली, ‘गुडघ्यानं भाता दाबणारे काका जपानी असते तर त्यांच्यावर पण मालिका निघाली असती.’ दोन दिवसांनी बोलली ते हे. आज रात्री चौथा भाग परत लावतोय.