मदत हवी आहे: विंचेस्टर ९४ वर स्कोप कसा बसवायचा? (जरा लवकर सांगा)

पाटलाचा_पोर
नमस्कार मंडळी. आमच्या शेजारी एक म्हातारबा आहेत, ते त्यांची विंचेस्टर ९४ रायफल विकतायत. ३०-३० काडतुसाची, सत्तरच्या दशकातली आहे म्हणे, दस्त्यावर ओरखडे आहेत पण नळी आतून लख्ख. मला हरणासाठी घ्यायचीय, लिव्हर ॲक्शनच (ट्रिगरखालचा दांडा खाली-वर करून काडतूस चढवायची) हवीय. प्रश्न एवढाच की हिच्यावर स्कोप कसा बसवतात, वरती स्क्रूची भोकंच दिसत नाहीयेत. माउंट कुठला घेऊ आणि स्कोप किती पॉवरचा? म्हातारबा शनिवारपर्यंत थांबतील, नंतर दुसऱ्याला देणार. कृपया "गूगल कर" म्हणू नका, करूनच आलोय.

लीहायव्हॅलीकर
भावा, ९४ छान आहे, पण स्कोपसाठी नाही. जुनी ९४ रिकामं काडतूस वरून बाहेर फेकते, सरळ तुझ्या कपाळाच्या दिशेने. मधोमध स्कोप बसवलास तर ते त्यालाच आपटणार. १९८२च्या आसपास अँगल इजेक्ट (काडतूस तिरकं बाजूला फेकणारं) मॉडेल आलं त्याआधीच्या सगळ्या अशाच. बाजूला सरकवलेला किंवा पुढे नळीवर बसवायचा माउंट मिळतो पण गाल दस्त्याला नीट टेकत नाही. सरळ मार्लिन ३३६ घे, तीही ३०-३०. तिचं काडतूस उजव्या बाजूने पडतं, वरचा भाग बंद, भोकं कंपनीतूनच पाडलेली. इथे पेनसिल्व्हेनियात दर दुसऱ्या घरात एक असते, कारण सेमी ऑटोने आम्हाला हरीण मारताच येत नाही. अख्खी रायफल सीझन मी तिच्यावर काढतो.

बोल्टवाला
लिव्हरचा अट्टहास का? त्याच पैशात नवी कोरी बोल्ट (बाजूची मूठ मागेपुढे ओढायची) येईल, .३०८ काडतुसाची, वर स्कोपसकट. लिव्हर ॲक्शन घेणारे निम्मे लोक काउबॉय पिक्चर बघून घेतात असं माझं स्पष्ट मत आहे. टोकदार गोळीपण वापरता येत नाही.

लीहायव्हॅलीकर
@बोल्टवाला झालं सुरू. हरणाला कळतं का कुठल्या ॲक्शनने मारलं ते?

गनस्मिथ_नाही_मी
थांबा जरा. @पाटलाचा_पोर कुठल्या राज्यात आहेस? जंगल आहे का मोकळं शेत, अंदाजे किती यार्ड? चष्मा आहे का? हे सांगितल्याशिवाय स्कोपबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

पाटलाचा_पोर
राज्याचा काय संबंध, रायफल तीच राहणार ना? असो. ओहायो, कोलंबसजवळ. ऑफिसमधल्या एकाचं नॉक्स काउंटीत शेत आहे, त्याच्या मागे ओकचं जंगल, तिथे ट्री स्टँड (झाडावरचं मचाण). पानं गळल्यावरसुद्धा ८०-९० यार्डांपलीकडे काही दिसत नाही. चष्मा आहे, प्रोग्रेसिव्ह. आणि @बोल्टवाला, मी डावखुरा आहे. डाव्या हाताची बोल्ट दुकानात मागितली तर तो माणूस कॅटलॉग उघडतो आणि ऑर्डर करावी लागेल म्हणतो. म्हणून लिव्हर. पिक्चर बघून नाही.

गनस्मिथ_नाही_मी
मग ती ९४ घेऊच नकोस. स्कोपचा विषय नंतर. ओहायोत हरणासाठी ३०-३० चालतच नाही!! तिकडे रायफल म्हणजे फक्त स्ट्रेट-वॉल काडतुसाची, म्हणजे ज्याची केस (पितळी नळकांडी) तळापासून तोंडापर्यंत सरळ असते, कॅलिबर .३५७ ते .५० मध्ये. ३०-३०ची केस बाटलीसारखी गळ्याशी निमुळती होते. आधी तर शॉटगन वगैरेच होती, २०१४च्या सीझनपासून या रायफली आल्या. शिवाय चेंबर आणि मॅगझिन मिळून तीनच काडतुसं भरायची. मॅगझिनच्या नळीत दहा मावतात म्हणून दहा भरू नकोस, वाइल्डलाइफ ऑफिसर मोजतो.

पाटलाचा_पोर
काय सांगता. म्हातारबा तर म्हणाले याच रायफलने त्यांनी कितीतरी हरणं मारली.

गनस्मिथ_नाही_मी
मारली असतील, वेस्ट व्हर्जिनियात. विचार त्यांना.

पाटलाचा_पोर
विचारलं. वेस्ट व्हर्जिनियातच. 🙄

लीहायव्हॅलीकर
मग म्हातारबा कितीला देतायत? आमच्याकडे चालते ३०-३०. 😀

खडूस_काकू
@लीहायव्हॅलीकर तो ओहायोत तू पेनसिल्व्हेनियात. दोन राज्यांत अशी हातोहात विक्री होत नाही, लायसन्सवाल्या डीलरमार्फत फॉर्म भरून घ्यावी लागते.
आणि पाटील, कोणी विचारलं नाही म्हणून मी विचारते. तुम्ही सिटिझन, ग्रीन कार्ड की एच-१बी? कारण एच-१बीवर असाल तर फेडरल कायद्याने बंदूकच काय, काडतुसंसुद्धा जवळ बाळगता येत नाहीत. त्याला अपवाद आहेत आणि त्यातला आपल्या कामाचा म्हणजे कुठल्यातरी राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. ते आधी, बंदूक मागाहून. शेजाऱ्याने ओळखीत दिली म्हणून हा नियम बदलत नाही. लायसन्सची मुदत संपली की अपवादही संपला आणि बंदूक कपाटात तशीच, हे लोकांच्या लक्षात येत नाही. ग्रीन कार्डला ही भानगड नाही.

पाटलाचा_पोर
एच-१बी. ग्रीन कार्डच्या रांगेत आहे, नातवंडांच्या लग्नापर्यंत येईल. हंटर एज्युकेशनचा कोर्स झालाय, लायसन्स या आठवड्यात काढणार होतो.

खडूस_काकू
"होतो" नाही, उद्या काढा. मग दुकानात पाय ठेवा, लायसन्स आणि आय-९४ (अमेरिकेत प्रवेशाची नोंद) दोन्ही घेऊन. डीलरच्या ४४७३ फॉर्मवर हाच प्रश्न आहे. ग्रीन कार्डची फाइल चालू आहे ना, मग एकदा इमिग्रेशन वकिलालाही विचारून घ्या, इथल्या कोणाच्या भरवशावर राहू नका, माझ्यासुद्धा.

सावंतवाडीचो_बाबलो
आमच्याकडे शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक असता. लायसन आजोबांच्या नावावर होता, आता माझ्या. दारू ठासा, छर्रे भरा, कॅप लावा नि एकच बार. पावसात कॅप भिजली की संपला. हय रानडुकरांनी भाताची वाट लावल्यानी हा. अशी लिव्हरवाली भारतात आणूक गावात काय?

मृदुला_ट
मुळात मुक्या जनावरांना मारायचंच कशाला हा प्रश्न कोणालाच पडत नाहीये? मराठी माणूस अमेरिकेत जाऊन हे करतो आणि इथे वर माउंटची चर्चा. भारतात १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर बंदी आहे ती उगाच नाही.

निवांत_नाना
मृदुलाताई, भारतात बंदी आहे ते बरोबरच आहे, आणि @बाबलो, डुकरांसाठीही त्याच कायद्याच्या कलम ११ खाली वनखात्याची परवानगी लागते, शेतीसंरक्षणाचं लायसन्स म्हणजे शिकारीचं लायसन्स नव्हे. पण ओहायोचं चित्र वेगळं आहे. १९०४च्या सुमारास तिथली हरणं पार संपली होती, मग बाहेरून आणून सोडली, आता इतकी आहेत की वर्षाला वीस हजारांच्या आसपास गाड्या त्यांना धडकतात. लांडगे नाहीत, वाघ नाहीत. कोणीतरी संख्या आवरायला हवी. मी स्वतः मारत नाही. खातो मात्र. कुणी दिलं तर खिमा करतो, थोडं डुकराचं फॅट घालायचं, नाहीतर कोरडा होतो, आणि गोडा मसाला अजिबात नको.

मृदुला_ट
मला रेसिपी नको होती नाना.

लीहायव्हॅलीकर
मुद्द्यावर या. स्ट्रेट-वॉल म्हणजे .४५-७० घे, मार्लिन १८९५. १८७३ची अमेरिकन आर्मीची गोळी. अस्वलसुद्धा बसतं.

गनस्मिथ_नाही_मी
८० यार्डांवरच्या ओहायोच्या हरणाला .४५-७० कशाला? हलक्या गाइड गनमधून (१८९५चीच आखूड रायफल) भारी काडतूस मारलं की खांदा निळा पडतो आणि नवीन माणूस बार काढायच्या आधीच डोळे मिटायला लागतो. त्याची ती सवय मग जात नाही. नॉक्सच्या जंगलात .४४ मॅग्नम भरपूर झाली, २४० ग्रेन वजनाची गोळी रायफलच्या नळीतून सतराशे फूट प्रति सेकंदाच्या वर जाते. शंभर यार्डांला झिरो करायची (नेम धरला तिथेच गोळी पडेल असा स्कोप जुळवायचा) आणि दीडशेच्या पुढे हात आवरायचा. नाहीतर .३६० बकहॅमर, रेमिंग्टनने २०२३ला आणलीय, ३०-३०चीच केस सरळ करून. हेन्रीची लिव्हर आहे त्यात. २०० ग्रेन, बाविसशेच्या आसपास. धक्का बेताचा आणि पल्ला .४४ पेक्षा बराच जास्त. अडचण एकच, काडतुसं दर दुकानात नसतात. .४४ कुठेही मिळते.

बोल्टवाला
.३५० लेजंड. बोल्टमध्ये. डाव्या हाताची. ऑर्डर करायची म्हटलं तर काय बिघडलं, दोन आठवडे थांब.

पाटलाचा_पोर
@बोल्टवाला दादा तुमचं ऐकलं, धन्यवाद.
दुकानात दोन आहेत: वापरलेली मार्लिन १८९४ .४४ मध्ये (जुनी, रुगर कंपनीने मार्लिन घेण्याआधीची) आणि नवी हेन्री बिग बॉय स्टील, तीही .४४. बकहॅमर नाही. सेल्समन तिसरी रोसी ९२ पण दाखवत होता, स्वस्त आहे. कुठली?

गनस्मिथ_नाही_मी
रोसी ९२ म्हणजे जुन्या विंचेस्टर १८९२ची नक्कल, काडतूस वरून फेकते, म्हणजे परत तोच स्कोपचा प्रश्न. चष्मा आहे तुझा, सोड.
जुन्या १८९४ मध्ये नळीच्या रायफलिंगचा पीळ ३८ इंचाला एक आहे, रुगरवाल्यात २० इंचाला. त्यामुळे जुनीत २४० ग्रेन मस्त चालते, ३०० ग्रेनच्या नादाला लागू नकोस. आधी लिव्हर सावकाश चालवून बघ, रिकामी असताना, कुठे अडकते का. मार्लिन रेमिंग्टनकडे होती त्या काळातल्या काही चांगल्या आहेत, काहींची फिटिंग वाईट. रुगरने २०२० ला ब्रँड घेतला त्यानंतर सुधारलंय.
हेन्री असेल तर साइड गेट (काडतूस भरायचं बाजूचं दार) आहे की फक्त पुढून मॅगझिनची नळी ओढून भरायची ते बघ. पुढून भरायला वेळ लागतो पण रिकामी करायला फार सोपी, आतली नळी काढली की काडतुसं ओघळून बाहेर. साध्या मार्लिनला एकेक काडतूस चेंबरमधून फिरवत बाहेर काढावं लागतं.

लीहायव्हॅलीकर
मार्लिन. डोळे मिटून.

पाटलाचा_पोर
मार्लिन चालवून बघितली, मऊ आहे. तीच घेतो बहुतेक. आता तरी माझा मूळ प्रश्न. स्कोप कुठला आणि कसा बसवू?

निवांत_नाना
ऐंशी यार्डांना स्कोप कशाला, पीप साइट लाव. मागे बारीक भोकाची चकती, त्यातून पुढचा मणी बघायचा, डोळा आपोआप मधोमध शोधतो.

बोल्टवाला
नाना तुम्ही शिकार करत नाही ना?

निवांत_नाना
नेमबाजी करतो. पुण्यात एनसीसीपासून.

गनस्मिथ_नाही_मी
नानांचं चूक नाही, पीपमध्ये लहान भोकामुळे पुढचा मणी आणि लक्ष्य दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं, चष्मेवाल्यालाही. पण संध्याकाळी उजेड कमी झाला की तेच भोक नडतं, आणि हरणं नेमकी तेव्हाच निघतात. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात मान वरखाली करून बघावं लागेल ते वेगळंच. १-४ किंवा फार तर २-७ पॉवरचा छोटा स्कोप घे, मोठी काच नको, नाहीतर रिंगा (स्कोप धरणारी कडी) उंच लागतात आणि गाल दस्त्यावरून उचलला जातो.
बसवताना:
बेसचे (रायफलवर बसणाऱ्या पट्टीचे) स्क्रू आणि भोकं तेल पुसून कोरडी कर, निळं लॉकटाइट (स्क्रू धरून ठेवणारा गोंद) एक थेंब, लाल नको. टॉर्क ड्रायव्हरने १५ ते २० इंच-पाउंड, मनगटाच्या अंदाजाने नाही. स्कोप रिंगांत सैल ठेव. मग जी जाड जॅकेट घालून स्टँडवर बसणार आहेस ती घरात अंगावर चढव (बायको हसेल, हसू दे), डोळे मिटून रायफल खांद्याला लाव, गाल टेकव आणि मग डोळा उघड. पूर्ण गोल दिसलं पाहिजे. कडेला काळी सावली दिसली तर स्कोप पुढेमागे सरकव. टी-शर्टवर बसवलेला स्कोप थंडीत डोळ्याच्या फार लांब जातो, कारण जॅकेटमुळे दस्ता इंचभर पुढे येतो. भुवई आणि स्कोपमध्ये साडेतीन इंच तरी ठेव.
आणि हॅमर स्पर विसरू नकोस. स्कोप आला की अंगठ्याला घोडा चढवायला जागाच राहत नाही, ती बाहेर आलेली छोटी दांडी लावावी लागते. डावीउजवी दोन्हीकडे बसते, तुला डावीकडे.
झिरो आधी २५ यार्डांवर, कागदावर आली की मग १०० वर. ज्या पेटीने शिकार करणार तीच काडतुसं वापर.

लीहायव्हॅलीकर
२५ वर वेळ घालवायची गरज नाही, बोअरसाइटर (गोळी न मारता नळी आणि स्कोप एका रेषेत आणायचं साधन) लाव आणि सरळ शंभरावर जा.

गनस्मिथ_नाही_मी
शंभरावर कागद सोडून सगळीकडे गोळ्या घालणारे रेंजवर रोज बघतो, ते सगळे बोअरसाइटरवालेच.

खडूस_काकू
शेतमालकाची परवानगी लेखी घेतलीत का? ओहायोत तोंडी चालत नाही आणि कागद खिशात लागतो. नारिंगी जॅकेट आहे?

पाटलाचा_पोर
नारिंगी बनियान आहे. कागद नाही, "ये कधीही" म्हणाला होता. उद्या ऑफिसात सही घेतो.
टोकदार गोळीचं ते काय, वर कोणीतरी म्हणालं होतं.

गनस्मिथ_नाही_मी
नळीच्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक आडवी असतात, मागच्याचं टोक पुढच्याच्या प्रायमरवर टेकतं. टोक कडक आणि अणकुचीदार असेल आणि धक्का बसला तर आतल्या आत बार. म्हणून चपट्या तोंडाची गोळी. हॉर्नाडी कंपनीची रबरी टोकाची लिव्हर-रेव्होल्यूशन चालते, ती त्यासाठीच बनवलीय. .४४ च्या बहुतेक चपट्याच असतात, तुला चिंता नाही.
स्टँडवर चढताना रायफल रिकामी, दोरीने वर ओढायची, नळी खाली करून. वर बसल्यावर भर. आणि बार न काढता घोडा खाली करायचा असेल तर ग्लोव्ह काढून कर, क्रॉस बोल्ट सेफ्टी आधी लावून, नळी मातीकडे. थंडीत अंगठा घोड्यावरून सटकतो.

विस्कॉन्सिनचा_विनू
सेम प्रश्न, पण मी उजवा आहे आणि माझ्याकडे स्कोप आधीच आहे, रायफल नाही. ३-९ पॉवर, ५० एमएम. कुठली लिव्हर घेऊ?

बोल्टवाला
@विनू बोल्ट.