मदत हवी आहे: स्कॅन केलेल्या ग्रंथातील तळटिपा ऐकणाऱ्या वाचकासाठी कुठे आणि कशा ठेवाव्यात?

नमस्कार.

दृष्टिहीन वाचकांसाठी स्कॅन केलेल्या पुस्तकांचे मुद्रितशोधन मी गेली दोन वर्षे करीत आहे. आतापर्यंत वाट्याला कथा-कादंबऱ्याच आल्या, त्यामुळे तळटिपांशी फारसा संबंध आला नव्हता. या वेळी मात्र ३१२ पानांचा इतिहासाचा ग्रंथ आला असून, जवळजवळ प्रत्येक पानावर दोन ते सहा तळटिपा आहेत आणि त्यांचे क्रमांक दर पानावर पुन्हा १ पासून सुरू होतात. मजकुराची शुद्धी निम्म्याहून अधिक झाली आहे. अडले आहे ते या टिपांपाशी.

पहिली अडचण टीपक्रमांकांची. छापील पानावर शब्दाच्या डोक्यावर बसलेला बारीक अंक ओसीआरनंतर (स्कॅन केलेल्या चित्रातील अक्षरे ओळखून संगणकाने मजकूर तयार केल्यावर) खाली उतरतो आणि शब्दाला चिकटतो. ‘करारनामा’ या शब्दावरचा २ हा ‘र’ म्हणून वाचला गेला आणि ‘करारनामार’ असा शब्द तयार झाला. असे शब्द निदान डोळ्यांना खुपतात. वर्षाला चिकटलेला अंक मात्र सहज निसटतो. पान ८७ वर १८७६ या सालावर तिसरी टीप आहे. फाइलमध्ये तिथे ‘१८७६३ साली’ असे उमटले होते, आणि स्क्रीन रीडरने (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने) ते शांतपणे ‘अठरा हजार सातशे त्रेसष्ट साली’ असे वाचून दाखवले. शुद्धलेखन तपासनीसाला यात काहीच चूक दिसत नाही.

दुसरी आणि खरी अडचण जागेची. पान ८७ वरचे शेवटचे वाक्य अर्ध्यावर तुटून पान ८८ वर पुरे होते. फाइल आहे तशी ठेवली, तर ऐकणाऱ्याला आधी अर्धे वाक्य, मग तीन तळटिपा, मग पृष्ठांक, मग पानाच्या माथ्यावरचे प्रकरणाचे नाव आणि त्यानंतर उरलेले अर्धे वाक्य ऐकू येते. त्यातही तिसरी टीप लांबलचक असल्याने तिचा उत्तरार्ध पान ८८ च्या तळाशी गेला आहे. डोळस वाचक एका नजरेत मजकूर आणि टीप वेगळे करतो. ऐकणाऱ्यासमोर सगळे एकाच सुतात येते.

याआधी या ग्रंथाची काही प्रकरणे दोघा जणांनी तपासली होती. एकाने टिपा पानाच्या तळाशीच ठेवल्या, तर दुसऱ्याने त्या वाक्यातच कंसात घातल्या. दुसरी पद्धत मला सुरुवातीला बरी वाटली. पण चाळीस शब्दांची टीप कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये आली की वाक्याचा धागाच हरवतो. सर्व टिपा प्रकरणाच्या शेवटी न्याव्यात, तर एकाच प्रकरणात १ क्रमांकाच्या वीस टिपा जमतात. शिवाय लेखकाने काही ठिकाणी ‘पृ. ४५ वरील टीप ३ पाहा’ असे म्हटले आहे, त्याचे काय करावे?

अंतिम प्रत इपब (ई-पुस्तकाचे एक स्वरूप) आणि ब्रेल अशा दोन्ही स्वरूपांत जाणार आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपण अडचण नेमकी मांडली आहे. मी स्वतः स्क्रीन रीडरवर वाचतो, म्हणून ऐकणाऱ्याच्या बाजूने लिहितो.

टीप कुठे ठेवली यापेक्षा ती कुठे सुरू झाली आणि कुठे संपली हे कळणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. अनेक जण टीपक्रमांक चौकटी कंसात टाकून निश्चिंत होतात. परंतु स्क्रीन रीडरमध्ये विरामचिन्हे उच्चारण्याची पातळी कमी ठेवलेली असेल तर कंस उच्चारलेच जात नाहीत, आणि ‘तह झाला तीन आणि सैन्य परतले’ असे ऐकू येते. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये डोक्यावरचे अंक सांगण्याची सोय आहे, पण ती मुद्दाम सुरू करावी लागते. म्हणून कंसात नुसता अंक न देता ‘टीप ३’ असे शब्दासह लिहावे. ज्या परिच्छेदात खूण आहे तो पूर्ण होऊ द्यावा, त्याखाली ‘तळटीप ३’ असे लिहून मजकूर द्यावा आणि शेवटी ‘टीप समाप्त’ असे नोंदवावे. पानांवर तुटलेले वाक्य आणि तुटलेली टीप आधी जोडून घ्यावी, हे ओघानेच आले. ब्रेलच्या प्रतीला ही रचना पुरेशी आहे.

इपबसाठी मात्र वर्डमधील खरी तळटीप घालावी, हाताने टंकलेली नव्हे. इपब ३ मध्ये टिपेची खूण आणि टिपेचा मजकूर यांना वेगळी ओळख देता येते, त्यामुळे खुणेवरून टिपेकडे आणि टिपेवरून परत वाक्याकडे येता येते. डेझी या दृष्टिहीनांसाठीच्या स्वरूपातील पुस्तकांत तर पृष्ठांक आणि टिपा वगळून वाचण्याची सोय योजलेलीच आहे. हाताने लिहिलेली टीप संगणकाच्या लेखी साधा परिच्छेद असते. ती वगळता येत नाही.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. दोन गोष्टींची भर घालतो. प्रकरणागणिक सलग क्रमांक द्यावेत, परंतु मूळ पृष्ठांक फाइलमधून काढू नयेत. विद्यार्थ्याला संदर्भ देताना तोच लागतो. ‘पृ. ४५ वरील टीप ३’ हे लेखकाचे शब्द तसेच ठेवून पुढे चौकटी कंसात ‘या प्रतीत टीप २१’ असे लिहावे आणि हा बदल पुस्तकाच्या आरंभी निर्मात्याच्या (ही प्रत तयार करणाऱ्याच्या) टिपेत सांगावा. लेखकाच्या टिपा अंकांनी आणि संपादकाच्या फुल्यांनी दाखवल्या असतील तर त्या एकाच क्रमात मिसळू नयेत. फुली जाऊन अंक आला की संपादकाचे मत लेखकाच्या तोंडी जाते.

दुसरे असे की, पाच अंकी संख्या शोधून त्या एकेक करून मूळ पानाशी ताडून पाहाव्यात. इतिहासाच्या ग्रंथात सैन्याचे आणि महसुलाचे आकडेही पाच अंकी असतात, म्हणून सरसकट बदल करण्याचा मोह टाळावा.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पाच अंकी संख्यांचा शोध काल रात्रीच घेतला. एकूण एकोणतीस सापडल्या. त्यांपैकी अकरा साले होती आणि उरलेले आकडे खरे होते, त्यामुळे सरसकट बदल केला असता तर माझ्याच हातून फौजा दहापटीने घटल्या असत्या.

पान ८७ आणि ८८ जोडून, खऱ्या तळटिपा घालून एका वाचकमित्राला ऐकायला दिले. वाक्य आता अखंड ऐकू येते असे त्यांनी कळवले. मात्र अवघ्या दोन शब्दांच्या ‘कित्ता, पृ. १२’ (म्हणजे वरचाच ग्रंथ, पान १२) अशा टिपांसाठी दर वेळी जाऊन परत येणे त्यांना जिकिरीचे वाटले. अशा त्रोटक संदर्भटिपांनाही खरी तळटीपच करावी, की त्या परिच्छेदाच्या शेवटी एकत्र द्याव्यात? प्रकरण ६ पासून त्यांचीच गर्दी आहे, म्हणून तेवढे ठरेपर्यंत ते प्रकरण बाजूला ठेवले आहे.