मदत हवी आहे : गजाच्या खिडक्यांखाली फुलांच्या पेट्या लावायच्या आहेत (कोल्हापूर, जुनं घर)

नमस्कार मंडळी,

शिवाजी पेठेत आमचं जुनं दुमजली घर आहे. खाली दगड, वर वीट, माथ्यावर मंगलोरी कौलं. माडीच्या तीन खिडक्या रस्त्यावर उघडतात : सागवानी चौकट, उभे लोखंडी गज, लाकडी कवाडं. दिवाळीआधी जुना ऑइलपेंट खरवडून नुसतं तेल लावलं, तर आतून असं लाकूड निघालं की येणारा-जाणारा मान वर करून बघतो. तेव्हापासून या खिडक्यांखाली फुलांच्या लांबट पेट्या लावायचं डोक्यात बसलंय. कुंड्या परसात ढीगभर आहेत, पण त्या आम्हालाच दिसतात. मला गल्लीतून दिसणारी फुलं हवी आहेत. हौस म्हणा.

आल्प्सकडच्या गावांतल्या घरांचे फोटो तुम्हीही पाहिले असतील. काळपट लाकडी घर आणि प्रत्येक खिडकीखाली लालभडक जिरेनियम. आमच्या सागवानावर तो लाल काय खुलेल!

आता अडचणी. सासऱ्यांचं म्हणणं, ओल्या मातीचं वजन ही भिंत पेलणार नाही. खिडक्या पश्चिमेला, म्हणजे उन्हाळ्यात दुपारभर ऊन आणि पावसाळ्यात सरळ झड. वरून कौलांच्या पागोळ्या नेमक्या तिथंच पडतात. आणि खाली गल्लीतल्या सगळ्यांच्या गाड्या लागतात. समोरच्या काकूंनी तर आत्ताच सांगून ठेवलंय, "सीटवर मातीचं पाणी पडलं तर पुसायला तूच यायचंस."

कुणी केलंय का असं? कशी पेटी, कशावर बसवायची, काय लावायचं?

प्रतिसाद :
सासऱ्यांचं ऐका, त्यांचा मुद्दा रास्त आहे. तीन फूट लांब, आठ इंच रुंद, आठ इंच खोल पेटीत पस्तीसेक लिटर माती बसते. पाणी प्यायलेली माती लिटरला दीड किलोच्या पुढं जाते, म्हणजे एका खिडकीखाली ५५ ते ६० किलो. हंगामी फुलांना सहा इंच खोली पुरते. माती एक भाग, कोकोपीट एक भाग आणि कुजलेलं खत एक भाग घेतलंत तर तीसेक किलोत काम होतं.

गजांना काहीही लटकवू नका, ते फक्त चौकटीत बसवलेले असतात. जुन्या भिंतीत फास्टनरही धरत नाही. वीट चुन्यात नाहीतर मातीत रचलेली, ड्रिल लावलं की भुगा बाहेर येतो. भिंतीतून आरपार बोल्ट घ्या, घरात आतून चार-पाच इंचाची लोखंडी पट्टी द्या आणि बाहेर अँगलचा त्रिकोणी ब्रॅकेट. उद्यमनगरात कुठलाही फॅब्रिकेशनवाला करून देईल. ब्रॅकेटला पुढं उभा कठडा सांगायला विसरू नका. वळवाचं वारं सुटलं की मोकळी पेटी थेट काकूंच्या गाडीवर. पेटी आणि भिंत यांत दोन इंच फट ठेवा, नाहीतर ओल आत येऊन गिलावा फुगतो.

प्रतिसाद :
ताई, पेटी ऱ्हाऊ दे, आदी पन्हळ लावा. पागोळीचा थेंब लई वंगाळ. एका जागी पडून पडून खड्डा पाडतोय, माती उडून भिंतीवर तांबडं शिंतोडं, अन् म्हैन्याभरात पेटीत नुसती मुळं. आमच्याकडं ह्येच झालंतं. पत्र्याची पन्हळ मारली, वर उसाचं पाचट बारीक कापून पसरलं. आता माती हालत न्हाई अन् उन्हाळ्यात ओल पण टिकती. पाचट फुकट मिळतंय, कुणाबी पावण्याला सांगा.

प्रतिसाद :
जिरेनियमबद्दल थोडं. त्या पेट्यांतलं झाड, ज्याला शास्त्रात पेलार्गोनियम म्हणतात, मूळचं दक्षिण आफ्रिकेचं आहे, युरोपचं नव्हे. त्याला ऊन हवं, पण मुळाशी पाणी साचलेलं चालत नाही. तिकडच्या लाकडी घरांची छपरं भिंतीच्या बरीच बाहेर येतात, त्यामुळे पेट्यांवर पाऊस थेट कोसळत नाही. तिथं मे ते ऑक्टोबर फुलं बाहेर, थंडीत झाडं आत. आपल्याकडे गणित उलटं. दसऱ्याच्या सुमारास रोपं आणा, होळीपर्यंत लाल रंग भोगा. पिटुनियाही त्याच हंगामात पेटीवरून छान लोंबतो.

मार्चनंतर पश्चिमेच्या उन्हाला चिनी गुलाब, म्हणजे आपलं ऑफिसटाइम, आणि सदाफुली. पण सदाफुली पावसाळ्यात ठेवू नका, सडते. जूनमध्ये तेरडा टाका. गौरीला हाताशी येईल आणि झड त्याला मानवते. कडेनं कोलियस लावलंत तर फुलं नसतानाही रंग राहतो. थोडक्यात वर्षाला तीन लावण्या. एकदा लावून बारा महिने फुलं हवी असतील तर हा नाद सोडा.

खताला साखर कारखान्याची प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेली मळी, मिळाली तर उत्तमच, फक्त पूर्ण कुजलेली घ्या. ताजी तापते, रोपं जळतात.

प्रतिसाद :
पारव्यांचं काय? आमच्याकडे रोपं उपटून अंडी घातली.

प्रतिसाद :
रोपं दाट लावा, मोकळी माती दिसली की पारवा बसलाच. सुरुवातीचे दिवस वर बारीक जाळी ठेवायची.

धागाकर्ती :
सगळ्यांचे मनापासून आभार. सासऱ्यांना वजनाचा हिशेब वाचून दाखवला. आता तेच टेप घेऊन खिडकीत उभे आहेत. पन्हळ आधी, हे ठरलं. गळणाऱ्या पाण्यासाठी पेटीखाली ट्रे ठेवावा म्हणते.

प्रतिसाद :
उथळ ट्रे नको, पाणी साचून डासांची पैदास होईल. पेटीच्या तळाला एका कोपऱ्याकडे उतार ठेवा, तिथं नळी काढा आणि ती पन्हळीच्या उभ्या पाइपात सोडा. भोकावर खापरी उपडी ठेवायची, म्हणजे माती वाहून जात नाही. काकूंची सीट कोरडी.

धागाकर्ती :
हे बेस्ट आहे. नळी अर्ध्या इंचाची चालेल का?

प्रतिसाद :
पाऊण इंची घ्या. अर्ध्या इंचात मुळं जाऊन बसतात, मग भर पावसात तार घालत बसावं लागतं.