पहिलं अक्षर गायब होतं ते का?

झोपलेल्या एटीमेगा३२८पी (अर्दुइनो उनोमधली मायक्रोकंट्रोलर चिप) ला सिरियलवर कमांड पाठवली की तो उठतो पण पहिलं अक्षर खातो असं म्हणताय ना, त्यात तुमच्या कोडची काही चूक नाहीये. पॉवर-डाउनमध्ये, म्हणजे गाढ झोपेत, यूएआरटीचा (सिरियल डेटा घेणारा-पाठवणारा भाग) क्लॉकच बंद असतो, त्याला काही ऐकूच येत नाही, उठवतो तो आरएक्स (डेटा घ्यायच्या) पिनवरचा पिन चेंज इंटरप्ट, म्हणजे पिनची पातळी बदलली की चिपला मिळणारी हाक, बाइटच्या सुरुवातीच्या स्टार्ट बिटने लाइन खाली गेली की. पण मग चिपला क्लॉक देणारा १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल ताळ्यावर यायला १६ हजार सायकल, म्हणजे साधारण १ मिलिसेकंद, आणि ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) एक बाइट यायला पण तेवढाच वेळ लागतो, गेला तो बाइट! १,१५,२०० ला तर अकरा-बारा उडतात.

मी सरळ एक फालतू बाइट आधी पाठवतो, ५ मिलिसेकंद थांबतो, बफर (आलेल्या बाइटचा साठा) रिकामा करतो, मग खरी कमांड. आणि हो, उठल्यावर तो इंटरप्ट लगेच बंद करा, नाहीतर प्रत्येक बिटला दार वाजवत बसतो. झोपायच्या आधी सिरियलचं फ्लश (सगळं पाठवून होईपर्यंत थांबणं) पण विसरू नका, माझा शेवटचा मेसेज 'झोपतो' ऐवजी 'झो' आणि पुढे कचरा असा यायचा, अर्धा दिवस गेला त्यात.

आयडल मोडमध्ये (हलकी झोप, यूएआरटी चालू) ही भानगड नाही, पण करंट मिलिअँपमध्ये, मग झोपवायचं कशाला?