गच्चीवर पीयू फोमचा स्प्रे मारून घ्यावा का? अकोल्यातलं घर, मदत हवी आहे

पूर्णाकाठ

नमस्कार मंडळी,

आई-बाबांचं घर अकोल्याला आहे, मी पुण्यात असते. घर १९९४ सालचं, एकमजली, वर साधा आरसीसी स्लॅब आणि त्यावर जुना कोबा. गच्ची साधारण ९०० चौरस फूट. त्रास दोन आहेत. एप्रिल-मे मध्ये स्लॅब असा तापतो की रात्री अकरालाही वरून झळा येतात. बाबांना दमा आहे, कूलरच्या ओल्या हवेने त्यांची छाती भरते. म्हणून ते कूलरपासून लांब झोपतात आणि सगळी रात्र तळमळत काढतात. दुसरा त्रास पावसाळ्यातला. मागच्या खोलीत पॅरापेटला (गच्चीच्या कठड्याला) लागून असलेल्या कोपऱ्यात ओल येते, रंगाचे पापुद्रे सुटतात.

गेल्या आठवड्यात एका कंत्राटदाराने सुचवलं की जुना कोबा फोडू नका, त्यावरच ४० मिमी पीयू (पॉलियुरेथेन) फोमचा स्प्रे मारू आणि वरून पांढरं कोटिंग देऊ. उष्णता आणि गळती एकाच कामात बंद, मृगाच्या आधी उरकून टाकू, असं त्याचं म्हणणं. गॅरंटी तोंडी २५ वर्षांची. दर नव्या ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांच्या) कोब्याच्या जवळजवळ दुप्पट.

मी जेवढं वाचलं त्यावरून फोममध्ये दम आहे असं वाटतंय. दोन रसायनं बंदुकीच्या तोंडाशी एकत्र येतात, काही सेकंदांत वीस-तीस पट फुगतात आणि घट्ट होतात. सांधा कुठेच राहत नाही, पाईपभोवती, कोपऱ्यात सगळीकडे एकच थर चिकटतो. वजनही नगण्य. पण वाचलेलं बहुतेक अमेरिकेतलं आहे आणि आमची गच्ची अमेरिकेतली नाही. आई तिथे कुरडया, पापड, वर्षाची हळद-मिरची वाळवते. पाण्याची टाकी आहे, सोलर हीटर आहे, वानरांची टोळी रोज येऊन जाते. दिवाळीत गल्लीतली पोरं रॉकेट सोडतात ती वेगळीच.

ज्यांनी घरावर करून घेतलंय किंवा या कामातलं ज्यांना कळतं, त्यांनी कृपया सांगा. आणखी एक. फोमच्या दोन रसायनांपैकी एक 'आयसोसायनेट' असतं, आईने हा शब्द ऐकला आणि तिला लगेच भोपाळ आठवलं. तिला काय सांगू?

फिनिक्सकर

ताई, मी अमेरिकेत, अॅरिझोनातल्या फिनिक्सला राहतो. इथल्या सपाट छपराच्या घरांवर फोम सर्रास दिसतो, आमच्याही घरावर आहे. उष्णतेच्या बाबतीत तुमचा कंत्राटदार खरं बोलतोय. फिनिक्सचा उन्हाळा अकोल्याला मागे टाकेल, तरी आमचं छत आतून हाताला तापलेलं लागत नाही.

पण तीन गोष्टी त्याने सांगितलेल्या दिसत नाहीत. उघडा फोम उन्हाला टिकत नाही. आधी पिवळा पडतो, मग तपकिरी होतो, मग बोटाने घासलं की भुकटी निघते. म्हणून फोम मारल्यावर एक-दोन दिवसांत, फार तर तिसऱ्या दिवशी, त्यावर कोटिंग चढलंच पाहिजे. ते कोटिंगही कायमचं नसतं, साधारण दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा द्यावं लागतं, कडक उन्हाच्या ठिकाणी त्याआधीच. त्यामुळे '२५ वर्षं' म्हणजे मधल्या कोटिंगच्या खर्चासकट की त्याशिवाय, हे लेखी विचारा. कोटिंग अॅक्रिलिक की सिलिकॉन हेही विचारा. जिथे पाणी साचतं तिथे अॅक्रिलिक सोलून निघतं. सिलिकॉन टिकतं, पण ओलं झालं की फार घसरडं होतं, आणि पुढे त्यावर सिलिकॉनशिवाय दुसरं काही चिकटत नाही.

दुसरं, पाऊस. आमच्याकडे वर्षभरात जेमतेम २०० मिमी पडतो. तुमच्याकडे त्याच्या चौपट, तोही तीन-चार महिन्यांत. उतार नीट नसेल तर फोमच्या खळग्यांत तळी साचतील.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या छपरावर वर्षातून एसीचा माणूस सोडला तर कोणी चढत नाही. पक्षी चोचीने भोकं पाडतात, ती मी सीलंटने बुजवतो. गार पडली की खळगे पडतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली महाराष्ट्रातली गारपीट आठवत असेलच. कंत्राटदार वादळाचे दाखलेही देतील. २००५ च्या कटरिना वादळात न्यू ऑर्लीन्सच्या सुपरडोमचं छप्पर फाटलं, त्यानंतर त्यावर फोमच मारला गेला, हे खरं आहे. पण वाऱ्याने छप्पर न उचललं जाणं हा गुण पत्र्याला हवा, तुमचा स्लॅब कुठे उडून जाणार आहे? खाटेचा पाय, मिरचीची पोती, वानरांच्या उड्या, हे सगळं उघड्या फोमवर वर्षानुवर्षं होणार असेल तर मी तरी हो म्हणणार नाही.

कोबा_ते_कळस

मी स्थापत्य अभियंता आहे, मराठवाड्यात बरीच दुरुस्तीची कामं केली आहेत. वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण म्हणून फोमच बाद करू नका. आपल्याकडे गच्चीवर फोम मारायची योग्य रीत वेगळी आहे: स्लॅबवर फोम, त्यावर संरक्षक कोटिंग, मग जाळी घालून पातळ काँक्रीटचा थर उतार देऊन, आणि वर चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी) किंवा पांढऱ्या टाइल्स. फोमला ऊन लागत नाही, आग लागत नाही, चालता येतं, कुरडयाही वाळतात. खर्च अर्थात वाढतो.

फोमची ताकद किती ते हिशेबाने सांगतो. ४० मिमी फोम उष्णतेला जेवढं अडवतो, तेवढं अडवायला साधारण पावणेतीन मीटर जाडीचं काँक्रीट लागेल. तुमचा स्लॅब असेल पाच इंचांचा. वजनाचंही तसंच. ९०० चौरस फुटांवर चार-साडेचार इंचांचा ब्रिकबॅट कोबा म्हणजे सोळा-सतरा टन. तेवढ्याच जागेवरचा फोम दीडशे किलोच्या आसपास. तीस वर्षं जुन्या स्लॅबवर जुना कोबा तसाच ठेवून दुसरा चढवणं मला कधीच पटत नाही, तिथे फोमचा फायदा खरा आहे.

मात्र गळतीच्या बाबतीत कंत्राटदार घाई करतोय. ओल पॅरापेटला लागून येते म्हणजे बहुतेक वेळा दोष भिंत आणि स्लॅब मिळतात तिथल्या वाट्यात (सिमेंटच्या गोलाईत) असतो, किंवा पॅरापेटच्या बाहेरच्या भेगांत. पाणी भिंतीतून उतरत असेल तर गच्चीवर फोम मारा नाहीतर सोनं ओता, ओल येणारच. शिवाय आत अडकलेला ओलावा उन्हाने तापून वाफ होतो आणि फोमला फुगे येतात.

तेव्हा आधी एक करून पाहा. जाड प्लास्टिकचा दोन बाय दोन फुटांचा कागद गच्चीवर पसरून चारही कडा टेपने पक्क्या चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी उचला. खालच्या बाजूला थेंब दिसले किंवा कोबा काळपट झाला असेल तर आत पाणी आहे. चार-पाच ठिकाणी करा. त्या कोपऱ्यात खालून प्लास्टर ठोकून पाहा. पोकळ आवाज आला किंवा गंजाचा तांबडा डाग दिसला तर आधी सळया उघड्या करून दुरुस्ती, बाकी सगळं नंतर.

चाकण_शेड

आमच्या कारखान्याच्या पत्र्यावर फोम आहे. पत्र्यावर त्याला तोड नाही. मेमध्ये खाली उभं राहवत नव्हतं, आता राहवतं. पावसाचा आवाज गेला, पहाटे पत्र्याखाली थेंब धरायचे तेही थांबलं. पण काम करणारा माणूस बघून घ्या. मशीन जुनं असेल, दोन रसायनांचं प्रमाण चुकलं किंवा ती पुरेशी तापलेली नसली, की फोम कुठे चिकट राहतो, कुठे ठिसूळ होतो, कधी माशासारखा वास मारत राहतो. असा फोम खरवडून काढण्याशिवाय इलाज नाही.

काम चालू असताना दाभण टोचून जाडी मोजा, दहा-बारा ठिकाणी, कडेला विशेषतः. कंत्राटदार मधे ४० भरतो आणि कडेला २० वर आणतो. आणि एक १० बाय १० सेंटिमीटरचा, पूर्ण ४० मिमी जाडीचा तुकडा कापून सोनाराच्या किंवा स्वयंपाकघरातल्या बारीक काट्यावर ठेवा. घनता घनमीटरला ४५ किलो सांगितली असेल तर तो १८ ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे. १२-१३ भरला तर सरळ पैसे अडवा. वारा असेल त्या दिवशी काम करू देऊ नका, शेजाऱ्याच्या गाडीवर उडालेले फोमचे कण निघता निघत नाहीत.

पूर्णाकाठ

खूप आभार सगळ्यांचे. १८ ग्रॅमवाली गोष्ट तर कुठेच वाचायला मिळाली नव्हती. प्लास्टिकचा कागद आज बाबांना लावायला सांगते. भोपाळबद्दल कोणी सांगू शकेल का? आणि इंग्लंडमध्ये फोम असलेल्या घरांना बँका कर्ज देत नाहीत असं एका मैत्रिणीने सांगितलं, ते काय आहे?

रसायनी

आधी आईंच्या शंकेबद्दल, कारण ती अगदी रास्त आहे. भोपाळमध्ये १९८४ साली गळलेला वायू मिथाइल आयसोसायनेट होता. तो साधारण ३९ अंशांनाच उकळतो, म्हणून हवेत पसरला. फोममध्ये वापरतात ते एमडीआय. तेही आयसोसायनेटच्याच घराण्यातलं, पण त्याची सहज वाफ होत नाही. एकदा फोम नीट घट्ट झाला की त्यात मोकळं एमडीआय जवळपास उरत नाही. त्यामुळे भोपाळसारखा धोका नाही, हे आईंना निर्धास्तपणे सांगा.

बाबांच्या दम्याचं मात्र गांभीर्याने घ्या. फवारताना जो बारीक तुषार उडतो त्याने दमा उसळू शकतो, आणि ज्यांना आधी नव्हता अशा कामगारांनाही तो लागल्याची उदाहरणं जगभर आहेत. काम सुरू व्हायच्या आधी बाबांना नातेवाइकांकडे पाठवा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत आणू नका. खिडक्या बंद ठेवा. कूलर तर अजिबात लावू नका, तो बाहेरची हवा आत ओढतो, म्हणजे गच्चीवरून उतरणारं सगळं थेट खोलीत. पाण्याची टाकी झाकून बांधून घ्या. आणि फवारणारा माणूस तोंडाला नुसता रुमाल बांधून आला तर त्याला काम करू देऊ नका. त्याच्या जिवाचा प्रश्न आहे.

इंग्लंडचं प्रकरण वेगळं आहे. तिथे कौलांच्या खाली, लाकडी वाशांवर आतून फोम मारतात. ओल कोंडली तर लाकूड कुजतं आणि फोममुळे ते बघताही येत नाही, म्हणून कर्ज देणारे बिचकतात. काँक्रीटच्या स्लॅबवर वरून मारलेल्या फोमला ते लागू नाही.

कोटेशनवर फोम कोणत्या वायूने फुगवतात तेही लिहून घ्या. ओझोनच्या थराला मारक असलेला एचसीएफसी-१४१बी भारतात १ जानेवारी २०२० पासून बंद आहे. जुना साठा खपवणारा भेटला तर तो बाकीच्या बाबतीतही काय करेल याचा अंदाज येतो.

कोबा_ते_कळस

एक राहिलं. फोमने स्लॅब दिवसा तापत नाही, पण घरात भिंतींतून आलेली उष्णता रात्री छतातून बाहेरही पडत नाही. पश्चिमेची भिंत उघडी असेल तर तिच्यावर सावली हवीच. पांढऱ्या कोटिंगचं याउलट: ऊन परतवतं आणि रात्री स्लॅबला निवू देतं. खर्चही फोमच्या मानाने किरकोळ. धूळ बसली की गुण कमी होतो, म्हणून दर उन्हाळ्याच्या तोंडावर धुवावं लागतं. या वर्षी तेवढंच केलं तरी बाबांना फरक जाणवेल.

पूर्णाकाठ

कागद लावून पाहिले. तीन ठिकाणी खडखडीत कोरडं. टाकीच्या बाजूच्या कागदाखाली मात्र थेंबांची अख्खी रांग होती, आणि एप्रिलात पाऊस कुठला? प्लंबरला बोलावलं तर टाकीच्या आउटलेटचा जोड झिरपत होता. ते पाणी कोब्याखालून थेट त्या मागच्या कोपऱ्याकडे जात होतं. वाटाही दोन ठिकाणी भिंतीपासून सुटलेला आहे, बाबांनी फोटो पाठवले. खालून ठोकल्यावर पोकळ आवाज हातभर जागेतच आला, तांबडा डाग अजून नाही.

घरी बोलून असं ठरवलं आहे: आता जोड बदलायचा, वाटा आणि पॅरापेटच्या भेगा दुरुस्त करायच्या, आणि पूर्ण गच्चीला पांढरं कोटिंग. पावसाळाभर कोपरा बघायचा. गळती थांबली आहे याची खात्री होण्याआधी वर काहीही झाकायचं नाही. कोपरा कोरडा राहिला तर दिवाळीनंतर जुना कोबा काढून फोम आणि त्यावर चायना मोझॅक. कंत्राटदाराला हे सांगितलं तर तो म्हणाला की दिवाळीनंतर दर वाढतील. वाढू देत.

आता दोनच प्रश्न उरलेत. टाकीचे विटांचे खांब उभे ठेवून त्यांच्याभोवती फोम मारायचा, की टाकी उतरवून खालून सलग मारायचा? टाकी हजार लिटरची आहे, फोमवर तेवढा भार चालेल का? आणि अकोला, अमरावती किंवा वाशीम भागात फोमवर मोझॅक केलेली, निदान दोन पावसाळे पाहिलेली गच्ची कोणाच्या माहितीत असेल तर मला निरोप पाठवा. बाबा स्वतः जाऊन बघून येतील.