इन्फोकॉमचा अस्त नेमका कशामुळे झाला?

सह्यवाट (धागाकर्ता)

नमस्कार. संगणकीय खेळांच्या सुरुवातीच्या काळाविषयी वाचताना मी अमेरिकेतील केंब्रिजच्या इन्फोकॉम या कंपनीपाशी पुन्हा पुन्हा अडतो. तिथल्या एमआयटी या विद्यापीठाच्या संगणकशास्त्र प्रयोगशाळेतील मंडळींनी १९७९ साली ही कंपनी काढली. 'झॉर्क'सारख्या निव्वळ शब्दांवर चालणाऱ्या खेळांच्या बळावर १९८४ पर्यंत तिची वार्षिक विक्री एक कोटी डॉलरच्या घरात गेली, आणि १९८९ च्या मे महिन्यात तिच्या केंब्रिजच्या कार्यालयाला कुलूप लागले.

याचे कारण विचारले तर बहुतेकांकडून एकच उत्तर मिळते: पडद्यावर चित्रे आली आणि शब्दांचे खेळ मागे पडले. मला हे उत्तर अपुरे वाटते. पुढे सिएरा या नावाने प्रसिद्ध झालेल्या विल्यम्स दांपत्याच्या कंपनीने 'मिस्टरी हाऊस' हा चित्रे असलेला साहसखेळ १९८० सालीच ॲपल-२ या संगणकावर आणला होता, म्हणजे 'झॉर्क' घरगुती संगणकांवर विक्रीला येण्याच्याही काही महिने आधी. चित्रांची स्पर्धा पहिल्या दिवसापासून समोर असताना जर इन्फोकॉमची भरभराट झाली, तर पुढे बदलले तरी काय? १९८५ मध्ये आलेल्या कॉर्नरस्टोन या डेटाबेसला किती दोष द्यायचा, आणि १९८६ मध्ये कंपनी विकत घेणाऱ्या ॲक्टिव्हिजन या खेळांच्या कंपनीला किती? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

कळफलक

'मिस्टरी हाऊस'चा मुद्दा आपण फार योग्य उपस्थित केला आहे. अस्ताकडे वळण्यापूर्वी उदयाचे तांत्रिक कारण मांडणे मला आवश्यक वाटते, कारण माझ्या मते दोन्हींचे मूळ एकाच ठिकाणी आहे.

टिम अँडरसन, मार्क ब्लँक, ब्रूस डॅनियल्स आणि डेव्ह लेबलिंग या चौघांनी १९७७ ते १९७९ या काळात एमआयटीतील पीडीपी-१० या मोठ्या संगणकावर 'झॉर्क' लिहिला. त्याआधी विल क्राउदर आणि डॉन वूड्स यांच्या 'ॲडव्हेंचर'ने प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना वेड लावले होते, परंतु त्या खेळाला एक क्रियापद आणि एक नाम यांपलीकडची आज्ञा समजत नसे. 'झॉर्क'चा पार्सर, म्हणजे खेळणाऱ्याने लिहिलेल्या आज्ञेचा अर्थ लावणारा भाग, पुरे वाक्य घेत असे. तलवारीने राक्षसावर वार कर, दिवा सोडून बाकी सगळे खाली ठेव, असे सांगितले तरी त्याला उमगत असे. खेळणाऱ्याला आपले बोलणे समोरच्याला कळते आहे असे वाटणे, हीच इन्फोकॉमची खरी पुंजी होती.

अडचण आकाराची होती. मूळ खेळ एक मेगाबाइटच्या आसपास होता, तर टीआरएस-८० सारख्या घरगुती संगणकात जेमतेम ३२ किंवा ४८ किलोबाइट स्मृती आणि शंभर किलोबाइटही न मावणारी फ्लॉपी असे. त्या वेळी मार्क ब्लँक पिट्सबर्गमध्ये डॉक्टरकीचे प्रशिक्षण घेत होते आणि जोएल बेरेझही तिथेच होते. या दोघांनी मिळून जो तोडगा काढला, त्याला आज झेड-मशीन म्हणतात. हे प्रत्यक्षात नसलेले, केवळ कागदावर आखलेले यंत्र होते. खेळ त्या कल्पित यंत्रासाठी लिहायचा, आणि प्रत्येक खऱ्या संगणकासाठी त्या यंत्राची नक्कल करणारा एक छोटा इंटरप्रिटर तेवढा वेगळा तयार करायचा. मजकूर दाबून बसवण्याची त्यांची रीत मला आजही अत्यंत देखणी वाटते: प्रत्येक अक्षराला आठऐवजी पाचच बिट द्यायचे, सोळा बिटांच्या एका शब्दात तीन अक्षरे बसवायची, आणि उरलेल्या सोळाव्या बिटाने मजकूर संपला की नाही ते सांगायचे. खेळताना बदलणारा भाग स्मृतीत राहत असे आणि बाकीचा मजकूर लागेल तसा फ्लॉपीवरून वाचला जात असे. एवढे करूनही 'झॉर्क' एका फ्लॉपीवर मावला नाही, म्हणून त्याचे तुकडे करून १९८० ते १९८२ या काळात तीन स्वतंत्र खेळ काढण्यात आले.

याचा व्यापारी लाभ प्रचंड होता. त्या काळी ॲपल, अटारी, कमोडोर, टँडी, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स, आयबीएम अशा एकमेकांशी अजिबात न जुळणाऱ्या संगणकांची बाजारात गर्दी होती. चित्रांचा खेळ एका यंत्रावरून दुसऱ्यावर न्यायचा तर बहुतांश काम नव्याने करावे लागे. इन्फोकॉमला प्रत्येक यंत्रासाठी एकच इंटरप्रिटर लिहावा लागे आणि तिचे सगळे खेळ त्या यंत्रावर चालू लागत. बाजार विखुरलेला होता म्हणून त्यांचे फावले. धागाकर्त्यांनी विचारलेल्या "काय बदलले" या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला इथे दिसते, कारण १९८५ च्या सुमारास कार्यालयांच्या बाजारातला हा विखुरलेपणा संपला होता.

दीपस्तंभ

कळफलक यांच्या प्रतिसादाला जोडूनच कॉर्नरस्टोनविषयी लिहितो.

इन्फोकॉम ही खेळांची कंपनी म्हणून काढलेलीच नव्हती, ही गोष्ट नेहमी नजरेआड होते. प्रयोगशाळेतील ओळखीच्या मंडळींना एकत्र राहून काहीतरी उपयुक्त सॉफ्टवेअर विकायचे होते, आणि हाताशी तयार असलेला माल म्हणून आधी 'झॉर्क' बाजारात गेला. अल व्हेझा यांच्यासारख्या संस्थापकांच्या दृष्टीने खेळ हे भांडवल उभे करण्याचे साधन होते आणि खरा धंदा कार्यालयीन सॉफ्टवेअरचा होता. त्या काळचे वातावरण पाहिले तर या विचाराला मूर्खपणा म्हणता येणार नाही. 'झॉर्क'ची पहिली प्रकाशक असलेल्या पर्सनल सॉफ्टवेअरनेच व्हिजिकॅल्क या स्प्रेडशीटवर अमाप पैसा मिळवला होता आणि नंतर खेळांतून अंग काढून घेतले होते. लोटस १-२-३ हे स्प्रेडशीटसुद्धा केंब्रिजमध्येच जन्माला आले होते.

कॉर्नरस्टोन १९८५ च्या सुरुवातीला ४९५ डॉलर किमतीला बाजारात आला. ज्याला प्रोग्रामिंग येत नाही अशा माणसालाही स्वतःची माहिती नीट लावता यावी, हा त्यामागचा हेतू होता, आणि त्या दृष्टीने तो विचारपूर्वक घडवलेला होता. परंतु त्याची उभारणीही कल्पित यंत्रावरच केलेली होती. शब्दांच्या खेळात खेळणारा विचार करण्यात गुंतलेला असतो, त्यामुळे उत्तर यायला दोन क्षण जास्त लागले तरी बिघडत नाही. हजारो नोंदींची यादी लावताना तोच संथपणा खुपतो. ज्या लाभासाठी हा संथपणा पत्करायचा, तो लाभ तर उरलाच नव्हता, कारण कार्यालयांनी तोवर एकमुखाने आयबीएम पीसी स्वीकारला होता. शिवाय व्यावसायिक वापरकर्त्यांना डीबेस या प्रतिस्पर्धी डेटाबेससारखी स्वतःची प्रोग्रामिंग भाषा हवी होती आणि कॉर्नरस्टोनमध्ये ती नव्हती.

सुमारे दहा हजार प्रतींवर विक्री थांबली. किंमत शंभर डॉलरच्या आत आणूनही उपयोग झाला नाही. तोवर खेळांची मिळकत या विभागात ओतली गेली होती आणि कंपनी मोठ्या, महागड्या जागेत गेली होती. शंभरावर गेलेली कर्मचाऱ्यांची संख्या १९८५ अखेरीस कपात होत होत चाळीसच्या आसपास आली. माझ्या मते इन्फोकॉमचे भवितव्य त्याच वर्षी ठरले. पुढचे सगळे त्याचे परिणाम आहेत.

सह्यवाट (धागाकर्ता)

दोन्ही प्रतिसादांसाठी मनःपूर्वक आभार. एक शंका मात्र राहते. कॉर्नरस्टोनमुळे पैसा बुडाला हे मान्य केले तरी खेळांचा विभाग शाबूत होता. डग्लस अ‍ॅडम्स आणि स्टीव्ह मेरेट्झ्की यांनी मिळून लिहिलेला 'हिचहायकर्स गाइड' १९८४ चा, मेरेट्झ्की यांचाच 'अ माइंड फॉरएव्हर व्हॉयेजिंग' १९८५ चा आणि ब्रायन मोरियार्टी यांचा 'ट्रिनिटी' १९८६ चा, म्हणजे उत्तम काम याच काळातले आहे. मग नव्या मालकाच्या छत्राखाली ही मंडळी सावरली का नाहीत?

नदीकाठ

या प्रश्नावर माझे मत दीपस्तंभ यांच्यापेक्षा वेगळे आहे. कॉर्नरस्टोनने कंपनीला विकायला भाग पाडले, हे खरे. पण तिचा अंत अटळ होता असे मला वाटत नाही.

ॲक्टिव्हिजनने १९८६ मध्ये सुमारे ७५ लाख डॉलरला इन्फोकॉम घेतली तेव्हा ॲक्टिव्हिजनचे प्रमुख जिम लेव्ही होते आणि त्यांना या खेळांविषयी मनापासून आस्था होती. १९८७ च्या जानेवारीत त्यांच्या जागी ब्रूस डेव्हिस आले. या खरेदीला त्यांचा सुरुवातीपासून विरोध होता. इन्फोकॉमच्या पूर्वीच्या भागधारकांवर खरेदीच्या व्यवहारावरून दावा गुदरण्यात आला. वर्षाला चार-पाच खेळांऐवजी आठ काढण्याचा आग्रह धरला गेला. सर्वांत घातक ठरला तो जुन्या खेळांविषयीचा निर्णय. इन्फोकॉमचा व्यवसाय पुस्तकांच्या प्रकाशनासारखा चाले; 'झॉर्क'चा पहिला भाग वर्षानुवर्षे खपत राहिला आणि त्याच्या साडेतीन लाखांहून अधिक प्रती गेल्या. नव्या व्यवस्थेत जुने खेळ दुकानांतून लवकर काढून घेतले जाऊ लागले. ज्या कंपनीचा चरितार्थ जुन्या मालाच्या संथ, खात्रीच्या विक्रीवर चालतो, तिचा हा आधार गेला की प्रत्येक नवा खेळ गाजलाच पाहिजे असे ओझे लेखकांवर येते.

वेष्टनाबद्दलही लिहिले पाहिजे, कारण आजच्या वाचकाला त्याचे महत्त्व चटकन जाणवत नाही. १९८२ च्या 'डेडलाइन' या खूनतपासाच्या खेळाचा मजकूर फ्लॉपीत मावेना, म्हणून जबाब, प्रयोगशाळेचा अहवाल, अगदी घटनास्थळी सापडलेल्या पांढऱ्या गोळ्यांची पुडीसुद्धा खोक्यात घातली गेली. 'हिचहायकर्स'च्या खोक्यात कापसाचा बोळा, काळ्या कागदाचा चष्मा आणि अंतराळातील सूक्ष्म ताफा म्हणून चक्क रिकामी प्लॅस्टिकची पिशवी मिळे. खेळ आवडलेल्या माणसाला नक्कल केलेली फ्लॉपी पुरेशी वाटू नये, असे या वस्तूंचे आकर्षण होते. पूर्वी हे सगळे इन्फोकॉम स्वतःच्या देखरेखीखाली जुळवून घेई. हे काम ॲक्टिव्हिजनच्या यंत्रणेकडे सक्तीने सोपवल्यावर खर्च वाढला.

आता चित्रांविषयी. धागाकर्त्यांचा आक्षेप १९८० पुरता बरोबर आहे, पण १९८७ पुरता नाही. 'मिस्टरी हाऊस'मधली चित्रे म्हणजे काही रेघा होत्या. अमिगा आणि अटारी एसटी हे संगणक आल्यावर चित्र खरोखर पाहण्यासारखे झाले. त्यातच इन्फोकॉमच्या मोठ्या खेळांना १२८ किलोबाइट स्मृती लागू लागली, त्यामुळे कमोडोर-६४ चा अफाट ग्राहकवर्ग त्या खेळांपुरता बाहेर पडला. चित्रे घेऊन १९८८ मध्ये 'झॉर्क झीरो' आला, तेव्हा फार उशीर झाला होता. माझ्या मते त्यांनी चित्रांची वाट धरण्यापेक्षा कमी खर्चात, छोट्या संचासह, निष्ठावंत वाचकवर्गासाठी लिहीत राहायला हवे होते. स्वतंत्र कंपनी म्हणून ते शक्य झाले असते.

दीपस्तंभ

नदीकाठ, जुन्या खेळांबाबतचा आपला मुद्दा मला पूर्णपणे पटतो. परंतु "स्वतंत्र कंपनी म्हणून" ही अटच १९८५ च्या तोट्याने अशक्य केली होती. कर्जाच्या दडपणाखाली विकल्या गेलेल्या कंपनीला मालक निवडता येतो, पण मालकाचा उत्तराधिकारी निवडता येत नाही. कार्यालय बंद झाले तेव्हा तिथे २६ माणसे उरली होती. त्यांतल्या ११ जणांना कॅलिफोर्नियात, ॲक्टिव्हिजनच्या मुख्यालयी, येण्याविषयी विचारले गेले आणि फक्त पाच जणांनी होकार दिला. खेळ लिहिणारी ती सामूहिक बैठक, जिथे एकाचे कोडे दुसरा फोडून पाहत असे, तिथेच मोडली.

ओसरी

उशिरा लिहीत आहे, पण कंपनीनंतरचे काही सांगावेसे वाटते, कारण मी स्वतः मराठीत असा एक शाब्दिक खेळ लिहिण्याच्या खटपटीत आहे.

झेड-मशीन कंपनीबरोबर बुडाले नाही. हौशी मंडळींनी खेळांच्या फायली उकलून त्या कल्पित यंत्राची रचना शोधून काढली, आणि १९९३ मध्ये ग्रॅहम नेल्सन यांनी त्याच यंत्रासाठी खेळ लिहिता येतील अशी इन्फॉर्म ही भाषा प्रसिद्ध केली. कॉर्नरस्टोनला भोवलेली तीच सर्वत्र चालण्याची क्षमता इथे पुन्हा कामी आली, आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या फायली आजच्या मोबाइलवर जशाच्या तशा चालतात. २०१९ मध्ये इन्फोकॉमच्या खेळांचा मूळ कोड जेसन स्कॉट यांनी गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर ठेवला. ॲक्टिव्हिजनची मालकी मायक्रोसॉफ्टकडे गेल्यावर २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये 'झॉर्क'चे तिन्ही भाग मुक्त परवान्याखाली अधिकृतपणे खुले करण्यात आले.

तो कोड वाचताना पार्सर इंग्रजीच्या शब्दक्रमावर किती विसंबून आहे, हे स्पष्ट दिसते. क्रियापद आधी, मग नाम, मग शब्दयोगी, मग दुसरे नाम. मराठीत "विळ्याने दोर काप" आणि "दोर विळ्याने काप" या दोन्ही आज्ञा सारख्याच सहज असतात, आणि विळ्याचे काम क्रमावरून न ठरता प्रत्ययावरून ठरते. त्यामुळे शब्दसंग्रहात "विळा" आणि "विळ्या" ही दोन्ही रूपे ठेवून प्रत्यय वेगळा काढणे भाग पडते. मूळ झेड-मशीन शब्दाची पहिली सहाच अक्षरे लक्षात ठेवत असे, आणि देवनागरीसाठी ते अपुरेच आहे. म्हणून मी अँड्र्यू प्लॉटकिन यांनी त्याच धर्तीवर आखलेले, युनिकोड (सर्व लिप्यांची अक्षरे दाखवणारी पद्धत) जाणणारे ग्लल्क्स हे यंत्र वापरत आहे.

सह्यवाट, आपण हे खेळ अजून प्रत्यक्ष खेळला नसाल तर 'झॉर्क'ऐवजी मेरेट्झ्की यांच्या १९८३ च्या 'प्लॅनेटफॉल'पासून सुरुवात करावी. त्यातील फ्लॉइड हा यंत्रमानव भेटला की निव्वळ शब्दांच्या जोरावर ही मंडळी काय साधत होती ते लगेच कळते. कागद-पेन्सिल घेऊन बसावे आणि प्रत्येक खोलीचा नकाशा काढत पुढे जावे.